एंडोमेट्रिओसिस : संप्रेरक उपचार सुसह्य कसे होतील?

मासिक पाळीच्या असह्य वेदनांनी वर्षानुवर्षे त्रासलेली एखादी स्त्री अखेर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, तपासण्या होतात, रोगाचे निदान होते आणि रोज एक गोळी घेण्याचा सल्ला मिळतो. महिना-दोन महिन्यांत दुखणे पुष्कळ कमी होते. परंतु त्याच सुमारास कपड्यांवर अवेळी रक्ताचे डाग दिसू लागतात, डोके जड राहते, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात. शेजारणीच्या, सासूबाईंच्या आणि कधी कधी औषधविक्रेत्याच्याही सल्ल्याने गोळ्या बंद होतात. काही महिन्यांतच जुने दुखणे पुन्हा डोके वर काढते. मधल्या काळात डॉक्टरांना कोणी काही विचारलेले नसते. आणि असे काही होईल याची कल्पना त्या स्त्रीलाही कोणी दिलेली नसते.

स्त्रीरोग विभागांत वारंवार आढळणारी ही हकीकत आहे. यात औषध निरुपयोगी ठरलेले नसते. ते कसे सोसावे, त्रास कोणत्या मर्यादेपर्यंत स्वाभाविक आणि कोणत्या मर्यादेपलीकडे धोक्याचा, ही माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे चांगला चाललेला उपचार अर्ध्यावर सुटतो.

एंडोमेट्रिओसिस या रोगात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटातील आवरणावर, आतड्यांच्या किंवा मूत्राशयाच्या पृष्ठभागावर रुजते. पाळीच्या चक्राबरोबर या बाहेरच्या ऊतकालाही सूज येते व त्यातून रक्त झिरपते. पण त्या रक्ताला शरीराबाहेर पडण्यास वाट नसते. परिणामी आतील अवयव एकमेकांस चिकटतात, बीजकोशांत गडद तपकिरी द्रवाच्या गाठी होतात आणि पाळीच्या दिवसांत, शौचाच्या वा शरीरसंबंधाच्या वेळी तीव्र कळा येतात. पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलट दिशेने उदरपोकळीत जाते व तेथे या रोगाची बीजे पडतात, अशी उपपत्ती अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडली. तीत पुढे बरीच भर पडली असली तरी ती आजही विचारात घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात अंदाजे १९ कोटी जणींना हा विकार आहे. ‘पाळीत दुखायचेच’ या समजुतीपायी दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडील रीत लक्षात घेता, निदानास कित्येक वर्षे लागतात यात आश्चर्य नाही.

या ऊतकाचे पोषण इस्ट्रोजेन या संप्रेरकावर होते. म्हणून इस्ट्रोजेनचे प्रमाण खाली आणणे किंवा प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांनी त्याचा प्रभाव रोखणे, हे सर्व संप्रेरक उपचारांचे सूत्र होय. या उपचारांनी रोग समूळ नष्ट होत नाही, तो दबून राहतो. शस्त्रक्रियेने गाठी काढल्यानंतरही त्या पुन्हा होऊ नयेत म्हणून बहुधा हीच औषधे पुढे चालू ठेवावी लागतात. काही आठवड्यांची बाब असती तर थोडा त्रास कोणीही सोसला असता. येथे प्रश्न महिन्यांचा, अनेकदा वर्षांचा असतो. आणि म्हणूनच औषध सोसवणे यास औषधाच्या गुणाइतकेच महत्त्व येते.

अवेळी होणारा रक्तस्राव

औषध सोडण्याच्या कारणांत हे कारण फार मोठे आहे. डायनोजेस्ट, नॉरएथिस्टेरॉन यांसारख्या प्रोजेस्टेरॉनवर्गीय गोळ्या, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे दर तीन महिन्यांनी द्यावयाचे इंजेक्शन आणि गर्भाशयात बसविले जाणारे, थोडे थोडे संप्रेरक सोडणारे साधन, या सर्वांमुळे पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडणे किंवा थोडेथोडे अंगावरून जाणे हे अपेक्षितच असते. या औषधांमुळे गर्भाशयाचे अस्तर अतिशय पातळ होते आणि त्यातील नाजूक रक्तवाहिन्या सहज फुटतात. अस्तर स्थिरावले की बहुतेक स्त्रियांत हा त्रास ओसरतो आणि अनेकींची पाळी जवळजवळ थांबते.

पाळी थांबली की दुसरी चिंता सुरू होते. ‘विटाळ आत साचतो’, ‘अशुद्ध रक्त डोक्यात चढते’, ‘अंगात उष्णता धरते’ अशा समजुती खेड्यात आणि शहरातही दृढमूल आहेत. वस्तुस्थिती अशी की, पाळीचे रक्त हे शरीरात साठलेली घाण नव्हे. दरमहा वाढलेले अस्तर गळून पडताना जो स्राव होतो तीच पाळी. औषधामुळे अस्तर वाढतच नाही, त्यामुळे गळावयाचे काही राहत नाही आणि साचावयाचेही काही राहत नाही. उलट, या रोगात आत रक्त साठण्याची जी खरी प्रक्रिया चालू असते, ती थोपविण्यासाठीच पाळी थांबविलेली असते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही गोष्ट कोणी तरी समजावून सांगणे अत्यंत आवश्यक आहे. तपासणीस येताना सासूबाईंना किंवा आईला बरोबर आणण्याचा आग्रह काही डॉक्टर धरतात, तो यासाठीच.

येथे एका प्रचलित सवयीचा उल्लेख केला पाहिजे. गणपती, लग्नकार्य किंवा वारी यांच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेतली जाणारी गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनचीच असते. त्यामुळे हे औषध पुष्कळ घरांना परिचयाचे आहे. पण तो परिचय चार-आठ दिवसांचा. उपचार म्हणून तीच गोळी महिनोन्महिने घ्यावयाची असते तेव्हा मात्रा व मुदत डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. चालू उपचारात आणखी एखादी ‘पाळीची गोळी’ स्वतःच्या मनाने मिसळणे योग्य नव्हे.

डाग पडण्याचे एक साधे कारण गोळी चुकणे हे असते. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. रात्रीचे जेवण झाल्यावर घेतली की मळमळही कमी जाणवते. उपवासाच्या दिवशी गोळी वगळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. औषध पाण्याबरोबर घेण्यास त्या दिवशीही हरकत नसावी. गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाल्यास ती पोटात शोषली गेली नाही असे समजून दुसरी घेण्यास सांगतात. भिंतीवरील दिनदर्शिकेवर ज्या दिवशी डाग पडला त्या तारखेस खूण करावी व वेदना किती होती तेही एक-दोन शब्दांत लिहावे. तीन महिन्यांच्या अशा नोंदींवरून डॉक्टरांना जे कळते ते ‘सारखेच जाते हो’ या उत्तरावरून कळत नाही. तीन-चार महिन्यांनंतरही त्रास हटला नाही तर औषध बदलणे, मात्रा बदलणे, काही दिवस दुसरे संप्रेरक जोडणे असे उपाय त्यांच्या हाती असतात.

मात्र रक्त थांबविण्यासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. या कामी सर्रास दिली जाणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी संयुक्त संप्रेरक गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका संभवतो. तसेच तासाला एक याप्रमाणे दोन-तीन तास घड्या भिजत असतील, चक्कर येत असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर दिनदर्शिकेवर खुणा करीत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

संयुक्त गोळ्या

इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध एकत्र असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या या रोगात दीर्घकाळ वापरल्या जात आहेत. शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळणारी ‘माला-एन’ याच प्रकारात मोडते. तिच्या पाकिटातील २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या असतात. एंडोमेट्रिओसिससाठी पाळीच येऊ नये म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या खंड न पाडता घेण्यास सांगितले जाते, तेव्हा लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवून लगेच नवे पाकीट सुरू करावयाचे असते. ही बाब स्पष्ट न सांगितल्यास स्त्री नेहमीच्या क्रमाने सर्व गोळ्या घेते, पाळी येते, दुखते आणि ‘औषधाचा गुण नाही’ असा निष्कर्ष निघतो.

या गोळ्यांमुळे प्रारंभी मळमळ, स्तन दुखणे, डोकेदुखी असे त्रास होतात व दोन-तीन महिन्यांत ते सहसा कमी होतात. खरी दक्षता कोणी त्या घेऊ नयेत याबाबत घ्यावयाची आहे. पायाच्या शिरेत वा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली असणे, उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमचमाट होऊन सुरू होणारी अर्धशिशी, वयाच्या पस्तिशीनंतर धूम्रपान, यांपैकी काही असल्यास त्या दिल्या जात नाहीत. डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे सर्व आपण होऊन सांगावे. मिश्री लावण्याची सवयही लपवू नये. उपचार चालू असताना एका पोटरीत दुखून सूज येणे, छातीत कळ, धाप लागणे, एकाएकी असह्य डोकेदुखी, दिसेनासे होणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर गोळी बंद करून विनाविलंब मोठ्या रुग्णालयात जावे.

क्षयरोग आपल्याकडे अद्याप घरोघरी भेटणारा आहे, म्हणून एक गोष्ट येथेच सांगणे इष्ट. क्षयावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन या औषधांमुळे संप्रेरक गोळ्या शरीरात लवकर नष्ट होतात व त्यांचा प्रभाव घटतो. दोन्ही उपचार चालू असल्यास दोन्ही डॉक्टरांना ते माहीत असले पाहिजे. डायनोजेस्ट घेणाऱ्या स्त्रियांनी ही गोळी संततिनियमनाचे साधन म्हणून गृहीत धरू नये. निरोध किंवा तत्सम बिगरसंप्रेरक साधन वापरण्यास सांगितले जाते.

वाफा, घाम आणि हाडे

गोळ्यांनी भागले नाही तर इंजेक्शनांचा वर्ग येतो. यामागील शास्त्र मनोरंजक आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून जीएनआरएच नावाचे एक संप्रेरक ठरावीक अंतराने, लहान लहान झोतांत स्रवते. त्याच्या इशाऱ्याने पियुषिका ग्रंथी काम करते आणि तिच्या आज्ञेने बीजकोश इस्ट्रोजेन निर्माण करतात. या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली. मेंदूतील अशा संप्रेरकांच्या शोधाबद्दल रॉजर गिलेमिन व अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ल्युप्रोलाइड व गोसेरेलिन ही औषधे या संप्रेरकाचीच कृत्रिम रूपे होत. दाराची कडी अधूनमधून वाजली तर घरचे लोक उठून दार उघडतात; ती अखंड वाजत राहिली तर कानाडोळा करतात. या औषधांचा अखंड मारा झाला की पियुषिका ग्रंथीचेही तसेच होते, आणि इस्ट्रोजेनचे प्रमाण रजोनिवृत्तीनंतरच्या पातळीवर येते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मात्र ती कडीला जोराने प्रतिसाद देते, त्यामुळे दुखणे तात्पुरते वाढते. हे आधी सांगितलेले नसेल तर पहिल्याच इंजेक्शननंतर स्त्रीचा धीर खचतो.

पुढे जे त्रास होतात ते पन्नाशीतील स्त्रियांच्या परिचयाचे आहेत. चेहऱ्यावर व छातीवर एकाएकी वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे, सांधे धरणे, योनिमार्ग कोरडा पडणे, चिडचिड. पंचविशी-तिशीतील तरुण स्त्रीस ते अकल्पित असतात आणि मनमोकळेपणाने बोलण्यास समवयस्क कोणी नसते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर आतली वाफ कोणती आणि बाहेरची कोणती हेच कळत नाही. सैल सुती कपडे, उशाशी गार पाणी, रात्रीच्या जेवणात तिखट व गरम चहा टाळणे यांनी थोडा उतार पडतो. योनिमार्गाच्या कोरडेपणावर वंगणासारखी मलमे मिळतात. या विषयात संकोच स्वाभाविक असला तरी पतीला त्याची कल्पना देणे हिताचे असते, नाही तर शारीरिक त्रासातून घरात गैरसमज निर्माण होतात.

वाफा दिसतात, हाडांची हानी दिसत नाही. इस्ट्रोजेन घटल्याने हाडांतील कॅल्शियम कमी होऊ लागते व सहा महिन्यांत मणक्यांची घनता काही टक्क्यांनी उतरू शकते. म्हणूनच ही इंजेक्शने एकटी सहा महिन्यांहून अधिक काळ देत नाहीत. यावर निघालेली तोड अत्यंत तर्कशुद्ध आहे. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बार्बिएरी यांनी १९९२ मध्ये असे प्रतिपादन केले की, रोगाच्या ऊतकास पोसण्यासाठी जितके इस्ट्रोजेन लागते त्यापेक्षा हाडे सांभाळण्यास कमी पुरते. या दोन पातळ्यांच्या मधली जागा साधता आली तर रोग उपाशी राहील आणि हाडे मात्र शाबूत राहतील. या विचारानुसार इंजेक्शनबरोबरच अल्प मात्रेत संप्रेरके गोळीच्या रूपात देतात. वाफा कमी होतात, हाडे वाचतात आणि वेदनाशमनात फारशी तूट येत नाही. अनेक स्त्रिया ही जोडगोळी ‘आणखी एक औषध कशाला’ म्हणून टाळतात. वास्तविक ती पहिल्या औषधाचे कवच असते. अमेरिकेत २०१८ मध्ये एलागोलिक्स या तोंडाने घ्यावयाच्या औषधास या रोगासाठी मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये रेलुगोलिक्सच्या अशा गोळीस, जीत ही अल्प संप्रेरके एकत्रच घातलेली आहेत. त्यांनाही मुदतीची मर्यादा आहेच.

हाडांसाठी घरच्या आहारात बरेच काही आहे. प्रौढ स्त्रीस दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, दही, ताक, तीळ, कोकणात काट्यासह खाल्ली जाणारी मांदेलीसारखी लहान मासळी यांचीही त्यात भर पडते. कोवळ्या उन्हात वावर आणि भराभर चालण्याचा व्यायाम यांची जोड हवी. रक्तातील ड जीवनसत्त्व कमी आढळल्यास गोळ्या घ्याव्या लागतात. उपचार लांबणार असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घेण्यास सांगतात.

मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शननेही हाडांची घनता काहीशी घटते व औषध थांबविल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते. हेच औषध ‘अंतरा’ या नावाने २०१७ पासून शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात उपलब्ध करून देण्यात आले. वजन वाढण्याची तक्रार या वर्गात याच औषधाबाबत अधिक येते. इतर गोळ्यांनी वाढणारे वजन बहुधा बेताचेच असते, आणि त्यातही काही भाग अंगात साठलेल्या पाण्याचा असतो. डॅनॅझॉल हे १९७६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले जुने औषध आता मागे पडले आहे, कारण त्याने अंगावर केस येतात व आवाज घोगरा होतो. हा आवाज पुष्कळदा पूर्ववत होत नाही. कोणाला ते दिले गेलेच, तर आवाज बदलू लागताच त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.

मनाचा त्रास

संप्रेरकांनी मन उदास होऊ शकते, झोप उडते, कारण नसताना रडू येते. दीर्घकाळच्या वेदनेनेही तसेच होते, त्यामुळे कोणता भाग औषधाचा हे ठरविणे अवघड असते. पूर्वी नैराश्याचा त्रास झालेला असल्यास उपचार सुरू होण्याआधीच ते सांगावे. औषध सुरू झाल्यावर स्वभावात पडलेला बदल रुग्ण स्त्रीपेक्षा घरच्यांना आधी दिसतो, हा अनुभव आहे. त्याला ‘नखरे’ म्हणण्याऐवजी डॉक्टरांच्या कानावर घालावे. जीवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर क्षणभरही थांबू नये. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

पुढची तारीख दोन महिन्यांनी आणि तज्ज्ञ तालुक्यापासून ऐंशी किलोमीटरवर, अशी स्थिती असेल तेव्हा गोळी थांबविण्याचा निर्णय एकटीने घेतला जातो, यात तिचा दोष मानता येणार नाही. अशा वेळी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा ‘ई-संजीवनी’ या दूरसल्ला सेवेवरील डॉक्टरांना औषधाचे पाकीट व दिनदर्शिकेवरील नोंदी दाखवून विचारता येते. तज्ज्ञांनीही पहिल्याच भेटीत कोणता त्रास किती महिने चालेल आणि कोणत्या लक्षणासाठी लगेच यावे हे चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले, तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील.

राहता राहिला अपत्याचा प्रश्न. संप्रेरक उपचारांनी कायमचे वंध्यत्व येते, ही भीती निराधार आहे. मात्र उपचार चालू असेपर्यंत गर्भधारणा लांबते आणि या औषधांनी गर्भधारणेची शक्यता वाढतही नाही. म्हणून मूल लगेच हवे असल्यास मार्गच वेगळा निवडावा लागतो. गोळ्या थांबविल्यावर पाळीचे चक्र सामान्यतः एक-दोन महिन्यांत सुरू होते. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या शेवटच्या इंजेक्शननंतर मात्र गर्भधारणेस सरासरी सात ते दहा महिने लागू शकतात. तेव्हा वर्षभरात मूल हवे असलेल्या दांपत्याने ही गोष्ट पहिल्या इंजेक्शनपूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.